तीनशे पंधराची नवी नळी

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो, "काय करता आपण?"

मी म्हणतो, "दुरुस्तीचं काम आहे."

"मोबाइलचं?"

"नाही."

"मग मोटरपंपाचं?"

शेवटी सांगावंच लागतं, की बंदुकांचं. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पाहुणा आपलं ताट घेऊन जरा सरकून बसतो, नाही तर इतका जवळ येतो की त्याच्या वाटीतलं वरण माझ्या भातावर सांडतं. हिनं आता नियमच घातलाय, की लग्नात जेवण होईपर्यंत धंद्याचं नाव काढायचं नाही.

राजापेठेत माझं दुकान आहे. एका बाजूला गणिताचा क्लास, दुसऱ्या बाजूला स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणारा. मधे जाळीच्या दारामागे मी. आत एक लोखंडी कपाट, लेथ मशीन, कामाचं टेबल आणि भिंतीवर चौकटीत लावलेला सरकारी परवाना. गोळीचा आवाज माझ्या दुकानातून कधीच आला नाही. आवाज येतो तो कानशीचा, आणि शेजारच्या क्लासमधून पाढ्यांचा.

लोकांना वाटतं, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे मिशीवाले शिकारी येत असतील. शिकार तर मी या धंद्यात येण्याआधीच बंद झाली. शिकारीच्या बंदुका तेवढ्या मागे राहिल्या. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बँकेचे चौकीदार, पेट्रोलपंपावरचे माजी सैनिक, आणि पीक राखायचा परवाना असलेले शेतकरी. वऱ्हाडात रानडुकरं आणि रोही किती झालेत ते ज्याचं वावर आहे त्याला विचारा. रोही म्हणजे नीलगाय. एक कळप शिरला की हरभऱ्याचं मैदान होतं.

गमतीही पुष्कळ. दर्यापूरकडचे एक काका बारा बोअरची बंदूक घेऊन आले. म्हणाले, "दसऱ्याले पुजली, तवापासून जड लागून राहिली." मी नळी उजेडाकडे धरली, तर पलीकडचं काही दिसेना. सळईनं हळूच टोकरलं तर सुकलेली माती पडली आणि मातीत अळ्या. कुंभारमाशीनं घर केलं होतं. म्हटलं, "काका, तुमच्या बंदुकीत बाळंतपण झालंय." ते हसले. मी हसलो नाही, कारण तसाच बार केला असता तर नळी तोंडाशी फाटली असती आणि काकांची बोटं गेली असती. तेव्हापासून ते बंदुकीच्या तोंडाला बाळाचं टोपडं घालून ठेवतात. मीच सुचवलं होतं.

दुसरे एक गुरुजी थंडीत आले, बंदुकीचा मागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, हलेना म्हणून. आत खोबरेल तेल गोठलेलं. विचारलं तर म्हणाले, "डोक्याले चालते, तं बंदुकीले काहून नाई चालत?"

आणि निवडणूक! निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. निकाल लागल्यावर परत मिळतात त्या गंजून. मग माझ्या दारात रांग लागते. त्या गर्दीत कोण निवडून आलं ते मला नेहमी उशिरा कळतं.

हे काम मी अकोल्यात शिकलो. आमच्या घराण्यात बंदूक सोडा, वावरही नव्हतं. बाबा म्युनिसिपालटीत होते. पोरांनी शिकायचंच, ही आमच्या वस्तीची रीत. मी आयटीआयमधून टर्नर होऊन निघालो आणि जुन्या शहरात रहीमचाचांच्या दुकानात लेथवर माणूस पाहिजे होता म्हणून लागलो. चाचांची दाढी पांढरीशुभ्र आणि बोटं कायम काळी. पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त नळ्या साफ करायला दिल्या. नळी कशी निवडायची हे विचारलं, तर म्हणायचे, "नली आदमी को देख के चुनो बेटा. जानवर को देख के तो सब चुनते हैं." मला ते तेव्हा पुस्तकी वाक्य वाटायचं. त्याचा अर्थ मला पुरता कळला तो पन्नाशी उलटून पुष्कळ पुढे गेल्यावर, नांदगाव खंडेश्वरकडच्या एका जोडप्यामुळे. त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

बाबाराव गावंडे आले ते दिवाळीनंतरच्या थंडीत. उंच माणूस, पांढरं धोतर, वर मुलीनं पाठवलेलं निळं जाकीट. साठीच्या पलीकडचे. काखेत गोधडीत गुंडाळलेली रायफल, मागे हातात पिशवी घेऊन त्यांची बायको. बाईंनी दारात चपला काढल्या. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, इथं लोखंडाचा कीस आहे." त्यांनी पायाखाली पाहिलं आणि मुकाट्यानं परत घातल्या. नाव कुसुमबाई. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, बोलणं कमी.

गोधडी उघडली. तीनशे पंधरा बोअरची जुनी रायफल, आपल्याकडे शेतकऱ्यांकडे बहुतेक हीच असते. बाबारावांच्या वडिलांची, शिकारीच्या काळातली. लाकूड काय सुंदर! हात लागून लागून शिसवीसारखं काळं झालेलं.

"नवी नळी पायजे मिस्तरी," बाबाराव म्हणाले. "गोळी आडवी जाऊन राहिली." पिशवीतून त्यांनी एका डब्याचं पत्र्याचं झाकण काढलं. त्यावर निशाणी केली होती. भोक गोल नव्हतं, गोळी कुशीवर झोपून गेल्यासारखं लांबट होतं.

इथं थोडं समजावून सांगतो. रायफलच्या नळीच्या आत पीळ घातलेले चर असतात. गोळी त्या चरांतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा जोरात फिरतो तोवर ताठ उभा राहतो, फिरकी कमी झाली की डुलतो आणि आडवा होतो. गोळीचंही तेच. चर झिजले की फिरकी जाते आणि गोळी कुठे जाईल ते तिलाच ठाऊक नसतं.

मी बोल्ट काढला आणि नळीतून आत पाहिलं. चर जवळजवळ पुसलेले. तोंडाची कड एका बाजूनं खाल्लेली. मी विचारलं, "साफ कशानं करता?"

"लोखंडाच्या गजानं. आमचा बाप दर इतवारी करे. मीबी करतो. चाळीस वर्सांत एक इतवार चुकला नाई."

म्हणजे बापलेकांनी मिळून माया करून करून नळी घासून संपवली होती. पण खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती. नळीच्या मध्यावर आत एक काळं कडं दिसत होतं. बाहेरून बोट फिरवलं तर तिथं बारीकसा फुगवटा लागला. कधी तरी तोंडात माती गेली असताना बार झाला होता. नळी तेव्हा फाटली नाही, पण फुगली.

"बाबारावजी," मी म्हटलं, "यातून आता एकही गोळी मारायची नाही. पुढची गोळी डुकराला लागेल की नाही सांगता येत नाही, तुम्हाला मात्र लागू शकते."

बाई पहिल्यांदा बोलल्या. "मी म्हनत होती न?"

"तू काय म्हनत होती? तुले नळीतलं काय समजते?" बाबाराव म्हणाले, आणि मग मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. परदेशातला कुणी तरी दाढीवाला, काळी कुळकुळीत, मनगटाएवढ्या जाडीची लांब नळी असलेली रायफल घेऊन झोपून बार करत होता. "असी पायजे. लांब आन् जाड. तोपेसारखी."

अशी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत. म्हटलं, नळी निवडणं म्हणजे जोडे निवडण्यासारखं आहे. लांब नळी गोळीला जरा जास्त वेग देते, जाड नळी तापली तरी वाकत नाही, हे सगळं खरं. पण तो दाढीवाला जमिनीवर पालथा पडलाय, रायफलला पुढे पाय लावलेत. तुम्ही मचानावर उभे राहणार. ते ओझं हातावर किती वेळ तोलाल? मग मी त्यांना त्यांचीच रायफल, बोल्ट काढून, खांद्याला लावायला सांगितली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्यावर नेम धरा म्हटलं.

बाबारावांनी रायफल धरली. नळीचं टोक आधी थोडं हललं. मग बारावरून तीनवर गेलं, तीनवरून सहावर. त्यांचा डावा हात थरथरत होता. त्यांनी दात आवळले. टोक सगळं घड्याळ फिरून आलं. शेजारच्या क्लासमध्ये कुणी तरी सतराचा पाढा म्हणत होतं.

"मी धरून पाहू काय?" कुसुमबाई म्हणाल्या.

"हे काय पोया लाटनं हाय काय?" बाबाराव म्हणाले. पण रायफल त्यांनी टेबलावर ठेवली.

बाईंनी पदर खोचला. रायफल उचलली, नवरा धरतो तशीच खांद्याला लावली, डावा डोळा मिटला. नळीचं टोक घड्याळाच्या मध्यावर जाऊन थांबलं, आणि थांबूनच राहिलं. मी चकित झालो. विचारलं, "वहिनी, कधी धरली होती?"

"नाई जी. बंदूक नाई धरली. लग्नाच्या आंधीपासून गोफन चालवतो मी. ज्वारीतले पाखरं हाकलता हाकलता हात बसला."

मी भाबडेपणानं बोलून गेलो, "मग नळी यांच्या हिशेबानं घ्यायला पाहिजे."

बाबारावांचा चेहरा लाल झाला. "लायसन माह्या नावानं हाय. बंदूक माह्या बापाची हाय. नळी कोनाच्या हिशेबानं घ्याची थे तुमी मले सांगून राहिले?" असं म्हणून ते जाळीचं दार आपटून बाहेर पडले. कुसुमबाईंनी गोधडीची नीट घडी केली, पिशवीत घातली, आणि जाताना हळूच म्हणाल्या, "बंदूक राहू द्या तुमच्यापाशी भाऊ. घरी नेली तं थे बार केल्याबिगर राहाचे नाईत." मी दोन पावलं बाहेर जाऊन बाबारावांना पावती दिली. त्यांनी ती न वाचता खिशात कोंबली.

त्या संध्याकाळी घरी मी हिला सगळं सांगितलं. ही शाळेत मास्तरीण होती, माणसं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. ती म्हणाली, "तुम्ही नळीचं बोललात, त्यांनी हाताचं ऐकलं."

आठवडा झाला असेल. सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर बाबाराव बसलेले, एकटेच. चहा मागवला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"मिस्तरी, मागच्या सालची गोठ सांगतो," ते म्हणाले. "कोनाले सांगतली नाई. हरबरा घाट्यावर आला होता. सकाळी उजाडता उजाडता आमी दोघं वावरात गेलो. धुऱ्यावर, बांधाच्या कडेले, एक डुकरीन, पिल्लंवाली. मले पायताच सिधी आंगावर आली. मी बंदूक उचलली. हात असा थरथरे, का मक्खीच दिसे ना." मक्खी म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण. "आन् तिच्या मांगं, थ्याच रेषेत, शेजाऱ्याच्या वावरात बाया कापूस येचून राहिल्या होत्या. मी घोड्यावर बोट ठेवलं आन् मले वाटलं, हे गोळी डुकराले नाई लागनार. बंदूक खाली केली. आता डुकरीन मले फाडते, असंच समजलो मी."

"मग?"

"मंग काय! मांगून गोफनीचा गोटा आला सन्नकन. डुकरीनीच्या बरोबर नाकाडावर. ओरडत पयाली थे." त्यांनी बशी उचलली आणि एका दमात संपवली. "हिनं गावात कोनाले सांगतलं नाई. सासऱ्याच्या बंदुकीची इज्जत जाईन म्हने. मीच आता तुमाले सांगून राहिलो."

मी रिकामे कप एकात एक ठेवत बसलो. मग त्यांनीच विचारलं, "थे लायसन हिच्या नावानं होते काय?"

होतं. ज्यानं पुष्कळ वर्षं परवाना नीट बाळगलाय त्याला तो हयातीतच वारसाला देता येतो. मी तसं सांगितल्यावर बाबाराव उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मंग करा सुरू. पन तिले आत्ताच सांगू नोका. मले सांगू द्या."

कायद्यानं नुसती नळीसुद्धा बंदूकच मानतात. म्हणजे आधी परवाना बाईंच्या नावावर, मग नळी बदलायची परवानगी, मग नव्या नळीचा नंबर परवान्यावर. डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळायचं शिक्षण, पोलिसांची चौकशी. उन्हाळा त्यातच गेला. चौकशीला ठाणेदार स्वतः त्यांच्या गावी गेले. तो किस्सा बाबाराव मला इतक्या वेळा सांगून गेले की पाठ झालाय. ठाणेदारांनी विचारलं, "काकू, या वयात बंदूक कशाला?" कुसुमबाई म्हणाल्या, "साहेब, डुकरं वय इचारून येत नाईत." ठाणेदार चहा पिता पिता ठसकले, आणि त्यांचा शेरा चांगला गेला.

आता नळी निवडायची वेळ आली. मी तीन भरीव लोखंडी सळया कापून आणल्या. भरीव अशासाठी, की कुणाला भलती शंका नको. एक लांब आणि जाड, बाबारावांच्या मोबाइलमधल्या नळीच्या वजनाची. एक अगदी आखूड आणि बारीक. एक मधली, मागे भरदार आणि टोकाकडे निमुळती. एका लाकडी दांड्यावर त्या आळीपाळीनं बसवायच्या आणि बाईंना धरायला द्यायच्या. दुकानामागच्या अंगणात आमचा हा कार्यक्रम चालला. कव्हरवाला आपलं मशीन बंद करून भिंतीवरून पाहत होता.

लांब सळई घेऊन कुसुमबाई वळल्या तर अंगणातल्या दोरीवरचा माझा टॉवेल खाली आला. दुसऱ्यांदा वळल्या तर बाबारावांची टोपी. "पाहा," बाबाराव टोपी उचलत म्हणाले, "थे मोबाइलवाला दाढीवाला एकटाच राहात असन." लांब सळई बाद झाली, तीसुद्धा त्यांच्याच हुकमानं.

माझं मत आखूड सळईला होतं. उंचीनं लहान बाई, मचानावर चढणं, उतरणं, हलकी नळी बरी. मी ती त्यांच्या हातात देऊन म्हटलं, "हीच घ्या वहिनी." त्यांनी धरली, थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. "हे चळवळ करते."

"हलकी आहे ना पण?"

"हलकी हाय म्हनूनच. पोर कडेवर घेतलं, का लय हलकं पोर वळवळ करते भाऊ. भरल्या आंगाचं गपचिप बसते." मग मधली सळई घेतली. नेम धरला, उतरवला, परत धरला. अंगणात चालून आल्या. "हे आंगाले बसली."

मी मागून नेमाच्या रेषेत पाहिलं. खरंच, टोक थिजल्यासारखं उभं होतं. हलक्या नळीचं टोक श्वासानंसुद्धा हलतं, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, आणि ऐन वेळी बाई ठेंगणी दिसली म्हणून विसरलो. चाचा असते तर त्यांनी डोक्यात टपली मारली असती. जनावर नाही, माणूस पाहायचं. आणि माणूस पाहायचं म्हणजे नुसती उंची नाही.

पीळ किती ठेवायचा ते मात्र मी कुणालाही विचारून ठरवत नाही. ते गोळी ठरवते. तीनशे पंधराची गोळी जड आणि बोथट, तिला जेवढी फिरकी लागते तेवढीच द्यायची. अलीकडे काही खाजगी कारखान्यांनाही परवाने मिळालेत, मापं पाठवली की तशी नळी करून देतात. मी मापं पाठवली. बाबारावांनी वाट पाहण्याचे दिवस माझ्या दुकानात येऊन घालवले. शेजारच्या क्लासची पोरं त्यांना नमस्कार करू लागली होती.

नळी आली. पेटी उघडली तेव्हा मला माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी झाला होता तसा आनंद झाला. आत डोळा लावला, तर चर पाण्यावरच्या तरंगांसारखे गोल फिरत दूर गेलेले. बाबारावांना दाखवलं. ते कितीतरी वेळ डोळा काढीनात. म्हणाले, "आमच्या बापानं हे पाह्यलं पायजे होतं."

बसवायचं काम माझं. नळी मागच्या भागात आट्यांनी घट्ट बसते, आणि गोळी तिच्या घरात शिरून बोल्ट लागला की मागे केसाएवढीही जादा फट राहता कामा नये. फट राहिली तर काडतूस फुटतं आणि आग नेमबाजाच्या तोंडाकडे येते. हे काम घाईनं होत नाही. थोडं घासायचं, बसवायचं, मापायचं, काढायचं, परत घासायचं. त्या दिवसांत मी दुकानात रेडिओही लावत नाही. जुन्या नळीवरची पितळी मक्खी बाबारावांच्या वडिलांनी बसवून घेतलेली होती. ती मी सोडवून नव्या नळीवर बसवली. कुणी सांगितलं नव्हतं. बाबारावांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी अंगठ्यानं ती पुसली. जुनी नळी रीतसर सरकारजमा केली.

आधी नव्या नळीची पक्की चाचणी करून घेतली, आणि मग परवानगी काढून चांदमारीवर गेलो. चांदमारी म्हणजे नेमबाजीचं मैदान, समोर मातीचा उंच बांध. कुसुमबाई नव्या नऊवारीत आल्या होत्या, कानात कापूस. बाबाराव गोळी लागल्यावर पाहायला दुर्बीण घेऊन उभे. पहिल्या गोळीला बाईंनी दोन्ही डोळे मिटले. गोळी बांधात गेली, माती उडाली, आणि त्या खांदा चोळत म्हणाल्या, "अवो मा, हे तं म्हशीवानी लाथ मारते!"

"खांद्याला चिकटवून धरा," मी म्हटलं. "सैल धरली तर मारते."

त्यांनी पदराची घडी करून खांद्यावर ठेवली. दुसरी गोळी कागदाच्या कोपऱ्याला. मग नेमाची खूण मी जराशी सरकवली. पुढच्या गोळ्या त्यांनी सावकाश मारल्या, प्रत्येक वेळी श्वास सोडून, जशी गोफण सोडताना सोडत असतील. आम्ही जवळ जाऊन कागद पाहिला. सगळी भोकं गोल, आणि कोपऱ्यातलं एक सोडलं तर बाकीची मिळून एका पुरीखाली झाकली जातील एवढ्या जागेत. मी या धंद्यात पुष्कळ कागद पाहिलेत. असा कागद पाहून मला नाचावंसं वाटलं. मी नाचलो नाही, बाबाराव नाचले. चांदमारीवरचा शिपाई टाळ्या वाजवत होता.

यंदाच्या थंडीत त्यांनी आम्हा दोघांना वावरात रोडगे खायला बोलावलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि वर तुपाची धार. मचानाखाली पोत्यावर आम्ही बसलो. ही आणि कुसुमबाई एका ताटात जेवत होत्या आणि जुन्या मैत्रिणींसारख्या हसत होत्या. हंगाम कसा गेला विचारलं तर बाबाराव म्हणाले, "डुक्कर मारलं नाई एकबी. वनखात्याचा पास हाय, पन गरजच नाई पडली. विहिरीच्या मातीच्या ढिगात एक बार केला, का चार दिवस फिरकत नाईत. शेजारीपाजारीबी बोलावते, का आमच्या धुऱ्यावर या म्हनून." कुसुमबाई बंदूक घेऊन निघाल्या की हे मागे टॉर्च आणि पाण्याची बाटली घेऊन जातात, असंही त्यांनीच सांगितलं. मला जरा वाईट याचं वाटतं की माझ्या दुकानात पुढे कुणी बसणार नाही. मशीन आहे, हात देणारं कुणी नाही. पण त्या दिवशी ते फार वेळ वाटलं नाही. रोडगे फार चांगले झाले होते.

सूर्य टेकला होता. तुरीच्या पलीकडे सळसळ झाली. कुसुमबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि मचानावर चढल्या. हरभऱ्याच्या कडेला काळे ठिपके दिसू लागले, एक, दोन, मग पुरा कळप. हवेत उडवलेली गोळी कुठे तरी उतरतेच, म्हणून बाईंनी नळी विहिरीच्या मातीच्या मोठ्या ढिगाकडे वळवली. श्वास सोडला.

आवाज सगळ्या शिवारावरून घुमत गेला. ढिगाची माती उडाली आणि कळप शेपट्या वर करून नाल्याच्या दिशेनं पळाला. धूळ खाली बसली. दूरच्या वावरातून कुणी तरी हाताचा कर्णा करून ओरडलं, "कोनं बार केला बाऽऽ?"

बाबाराव उभे राहिले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. 'अवो', नाही तर 'हे', एवढंच. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"कुसुमनं! आमच्या कुसुमनंऽऽ!"

मचानावर कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला होता. रायफल मात्र त्यांच्या हातात तशीच होती, न हलता.